कोरडी पायरी

१

घर नाकारण्याच्या सगळ्या तऱ्हा अमिहान दालिसायला आता तोंडपाठ झाल्या होत्या. फोनवर घरमालकाचा आवाज मधाळ असायचा. इंग्रजी शिकवणारी परदेशी बाई म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी उंच, गोरी, निळ्या डोळ्यांची उभी राहायची. मग दारात ही हजर व्हायची, बुटकी, सावळी, फिलिपिन्सची, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली. आणि लगेच त्या माणसाला आठवायचं, घर कालच दुसऱ्याला दिलंय. एकानं तर 'आत्ताच दिलं' म्हटलं. आत्ताच म्हणजे ती त्याचा जिना चढत होती तेव्हा.

"मुलगी आहे?" एका बाईनं विचारलं होतं. "मग नको. पोरं भिंती रंगवून ठेवतात."

"तुमच्या भिंती तशाही कुणीतरी रंगवायलाच हव्यात," अमिहान म्हणाली होती. तेही घर गेलं. गप्प बसणं तिला कधी जमलंच नाही.

व्हिएतनाममधल्या हायफाँगच्या शाळेनं तिला वसतिगृहात खोली दिली होती, पण तिथं मूल आणायला मनाई. लिगाया पाच वर्षांची, तिकडे गावी, माउबानला आजीजवळ. बाप बोटीवर नोकरीला गेला तो पाण्याचाच झाला. पत्र नाही, फोन नाही. लिगाया रोज संध्याकाळी फोनवर एकच विचारायची, "आई, दार मिळालं का गं?" घर म्हणायची नाही, दार म्हणायची. आजीचं बोलणं तिच्या तोंडी बसलं होतं.

शेवटी दार मिळालं ते खेकड्याच्या रश्शातल्या शेवया खाताना. गल्लीच्या तोंडाशी न्यान मावशीची हातगाडी होती. अमिहान आणि शाळेतला क्रिसांतो दादा तिथं रोज सकाळी खायचे. हा क्रिसांतो तिच्याच प्रांतातला, वयानं मोठा, जिभेनं त्याहून मोठा.

"मावशी," तो म्हणाला, "आमच्या या राणीसरकारांना एखादा राजवाडा बघा. नापसंत करून करून शहर संपत आलंय."

"मी नापसंत करत नाही, लोक मला करतात."

मावशीनं पळीनं रस्सा ढवळला, अमिहानकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "माझं घर रिकामं आहे. बघ. नाक मुरडलंस तरी चालेल, वाडगा मात्र संपवून जा."

२

घर इथल्या सगळ्या घरांसारखंच होतं, रुंदीला बेताचं आणि आत लांबच लांब. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, दोन्हींच्या मधून चढत गेलेला जिना. मधल्या मजल्यावर झोपायची खोली. सगळ्यात वर छपरात काच बसवलेली, तिच्यातून उजेड जिन्याच्या पायऱ्या उतरत उतरत खाली यायचा. समोरच्या दारात उभं राहिलं की जिन्याचा खालचा निम्मा भाग सरळ दिसायचा.

"वरची खोली माझी," मावशी म्हणाली. "तिथं देव्हारा आहे. अमावास्या-पौर्णिमेला येईन, उदबत्ती लावीन, जाईन. तू वर जायचं नाहीस. आणि ओलीचे दिवस आले की दार उघडं टाकायचं नाही. बाहेरची सगळी ओल घरात शिरते."

"एवढंच?"

"एवढंच. पोरीला घेऊन ये. कित्येक वर्षांत या घरात लहान मूल राहिलंच नाही."

सामान असं फार नव्हतंच. पण आधी काय आत न्यायचं यावरून दोघींची जुंपली. माउबानच्या रीतीनं तांदूळ आणि मीठ. मावशीच्या रीतीनं वापरलेली चटई, म्हणजे घराला कळतं की राहायला आलेत, बघायला नाही. शेवटी क्रिसांतोनं एका काखेत चटई, दुसऱ्या काखेत तांदळाची पिशवी मारली आणि मिठाची पुडी दातांत धरली. मावशी एवढी हसली की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं.

आणि अमिहाननं पाय आत टाकण्याआधी, आपोआप, हाक घातली. "ताओ पो!"

माणूस आहे, बरं का. माउबानला कुणाच्याही दारात हीच हाक घालतात. नाव सांगत नाहीत, काम सांगत नाहीत. आधी एवढंच सांगायचं की बाहेर जे उभं आहे ते माणूस आहे. जे आपणहून तसं सांगत नाही त्याला दार उघडायचं नाही, असं आजी म्हणायची. हाक घातली की थांबायचं. घरातला माणूस दाराशी येतो, 'या' म्हणतो, मग शिरायचं.

"अगं, स्वतःच्याच घराला काय विचारतेस?" क्रिसांतोनं तोंडातली पुडी काढली. "भाडं भरलंयस ना?"

"सवय आहे."

"मग घे," असं म्हणून तो आत गेला आणि जाड्या घरमालकिणीच्या आवाजात ओरडला, "या, या! पाय पुसून या!"

अमिहान हसत आत गेली. तिला नंतर आठवलं की मावशी तेव्हा हसत नव्हती. पण उंबऱ्यावर बसून बसून पायाला मुंग्या आल्या असतील, असंच तेव्हा वाटलं होतं.

३

इथल्या नववर्षाच्या सुट्टीला महिनाभराची रजा जोडून क्रिसांतो गावी गेला. परतताना तो लिगायाला घेऊन येणार होता. गल्लीत पीचची गुलाबी फुलं कोमेजून कचऱ्यात पडली, आणि समुद्रावरून नोम आला.

नोम म्हणजे पाऊस नव्हे. पाऊस परवडला, तो बाहेर पडतो. नोमच्या दिवसांत घरालाच घाम फुटतो. फरशा पाझरतात, भिंतींवरून ओघळ येतात, आरशात तोंड दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि पावात हात घातला तर कापूस लागतो. अमिहान शाळेतून आली की हाक घालायची, दार लावून घ्यायची आणि फडकं घेऊन बसायची. पुसून वळते तोवर मागची फरशी पुन्हा ओली.

एका दुपारी जिना पुसत ती मधल्या मजल्याच्या वर गेली. वर जायचं नव्हतंच, फक्त ओघळ खाली येऊ नयेत म्हणून. तिनं मान वर केली. देव्हाऱ्याच्या खोलीचं दार बंद होतं, कडी लावलेली. दारासमोरची पायरी चकचकीत ओली होती, आणि तिच्यावर दोन जागा कोरड्या होत्या.

शेजारी शेजारी दोन लांबट जागा, बोटांसकट.

बोटं खालच्या बाजूला होती.

मावशी उदबत्ती लावायला येऊन उभी राहिली असेल, हे पहिलं कारण तिला सुचलं. ते चांगलं कारण होतं. पण पौर्णिमा व्हायची होती आणि मावशीचं पाऊल तिनं पाहिलं होतं, लहान मुलीच्या चपला बसतील एवढं. ही पावलं तिच्या स्वतःच्या पावलांच्या दुप्पट होती. दुसरं कारण म्हणजे सिमेंटमधला दोष. काही सिमेंट पाणी धरतं, काही धरत नाही. हे कारण तिनं घट्ट पकडलं आणि खाली येऊन भात टाकला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन, हाक घालून, दार लावून ती वर बघायला गेली. वरची पायरी ओली होती, सबंध. कोरडी पावलं तिच्या खालच्या पायरीवर होती.

सिमेंटचा दोष पायरी उतरत नाही.

४

शाळेत ती मुलांना विज्ञानही शिकवायची. एक गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि बघा. फळ्यावर हे वाक्य तिनं कितीदा लिहिलं असेल. म्हणून, रोज एकेक पायरी उतरत पावलं मधल्या मजल्याच्याही खाली आली तेव्हा, एक दिवस तिनं हाक न घालताच दार उघडलं. चोरासारखं वाटलं, पण ती आत आली. पावलं होती तिथंच होती. पुढच्या दिवशीही तसंच. त्याच्या पुढच्या दिवशी तिनं दारात उभं राहून हाक घातली.

पावलं एक पायरी खाली आली होती.

ती जिन्यात बसली. फरशीचं पाणी परकरातून अंगाला लागलं तरी उठली नाही. घर टपटपत होतं, नळाखाली, कठड्यावरून, छपराच्या काचेवरून. नीट कान दिल्यावर तिच्या लक्षात आलं की ही टपटप सगळीकडून येतेय, फक्त त्या पायरीच्या वरच्या जागेतून येत नाहीये. तिथं जणू एक उभं भोक होतं आणि त्या भोकात आवाज नव्हता.

तिनं हात लांब केला. का केला, ते तिलाही सांगता आलं नसतं. भीती होतीच, पण भीतीच्या पोटात दुसरं काहीतरी होतं. लहानपणी चर्चच्या घंटेला पहिल्यांदा हात लावताना होतं तसं. कोरड्या जागेवर तिनं तळवा टेकवला.

कुणी नुकतंच उठून गेल्यावर खुर्चीला असते तशी ऊब होती. आणि ती कमी होत नव्हती.

५

"तू अजूनही रोज हाक घालतेस?" न्यान मावशीनं पळी खाली ठेवली.

"सवयीनं. आमच्याकडे घालतात."

"कुणाच्या दारात घालतात?"

"कुणाच्याही. परक्याच्या."

"परक्याच्या!" मावशीनं कपाळावर हात मारला. "अगं पोरी, आपल्या घरात शिरताना कुणी हाक घालतं का? हाक घातलीस म्हणजे घर तुझं नाही, दुसऱ्या कुणाचं आहे, असं तूच कबूल केलंस. मग ज्याचं आहे तो 'या' म्हणायला निघणारच की!"

शेजारी चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्यानं कप तसाच धरला. मावशीनं त्याला हातानंच 'तू तुझं पी' म्हणून खुणावलं.

"कोण आहे तो, मावशी?"

"विचारू नये. माझ्या सासूनं मला सांगितलं नाही, तिला तिच्या सासूनं सांगितलं नव्हतं. आम्ही उदबत्ती लावतो आणि उलट्या पावली खाली येतो, पाठ न दाखवता. बोलत नाही. हाक तर नाहीच नाही."

"त्यानं कुणाचं वाईट केलंय?"

रश्शाला उकळी आली तरी मावशीनं जाळ कमी केला नाही.

"नाही केलं," ती म्हणाली. "पण ते कधी खालीच आलं नव्हतं गं. मग मी काय सांगू?" आणि जरा वेळानं, हळू आवाजात, "जायचं असेल तर जा. मी मनाला लावून घेणार नाही. फक्त जाताना 'येते' म्हणू नकोस."

६

जायचं म्हणजे कुठं? लिगाया दोन दिवसांवर आली होती. वसतिगृहाची खोली शाळेनं दुसऱ्या कुणाला दिली होती. अमिहाननं पुन्हा फोन लावायला सुरुवात केली. मधाळ आवाज, मग प्रश्न, मग 'कालच दिलं'. एक जण स्पष्ट म्हणाला, "बाई, तुम्ही लोक फार माणसं गोळा करता." तिनं त्यालाही ऐकवलं, आणि फोन ठेवल्यावर ओल्या भिंतीला डोकं टेकून रडली. रागानं रडली. या एवढ्या मोठ्या शहरात तिच्या लेकीसाठी एकच दार उघडलं होतं, आणि त्या दारात हे.

मग तिनं माउबानला फोन लावला. 'तिला पाठवू नकोस' हे तीन शब्द तिनं जिभेवर आणून ठेवले होते.

फोन लिगायानं घेतला. "आई! मी पेटी भरली! आजीनं सुकट दिलीय, तिचा वास येतो म्हणून दादामामा नाक धरतो. आई, आपलं दार कुठल्या रंगाचं आहे?"

"निळं," अमिहान म्हणाली.

"आजी! निळं आहे!"

आजी फोनवर आली. "काय गं, आवाज का असा?"

"आई, एखाद्या घरात जावं की नाही हे कसं ओळखायचं?"

"शिकून शिकून हेच शिकलीस होय?" आजी हसली. "दारात थांबायचं. हाक घालायची. 'या' म्हटलं तर जायचं. नाही म्हटलं तर माघारी फिरायचं. यात ओळखायचं काय?"

त्या दिवसापासून अमिहाननं हाक घातली नाही. पावलं मधल्या मजल्याच्या खाली, जिन्याच्या वळणावर थांबली होती. ती त्यांच्या बाजूनं, भिंतीला अंग घासत, वर झोपायला जायची आणि पाठ न दाखवता जायची. झोप लागायची, हे विशेष. त्या घरात आजवर तिला एकही वाईट स्वप्न पडलं नव्हतं.

७

टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा दुपार होती, पण धुकं एवढं दाट की समोरच्या घराचे गज दिसत नव्हते. क्रिसांतो पेट्या उतरवत राहिला. मावशीच्या गाडीवरून वाफ येऊन धुक्यात मिसळत होती. मावशी पुढे आली नाही. एप्रनला हात पुसत जागेवरच उभी राहिली.

लिगाया आधीपेक्षा उंच झाली होती आणि तिला खरोखरच सुकटीचा वास येत होता. अमिहाननं तिला उचललं, हुंगलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग दाराशी आल्यावर ती गुडघ्यांवर बसली आणि लेकीचे दोन्ही खांदे धरले.

"हे बघ. इथं हाक घालत नाहीत. इथली रीत वेगळी आहे. आपण गप्प आत जायचं."

"का?"

"आपलंच घर आहे म्हणून."

लिगायानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू आई थट्टाच करतेय. अमिहाननं दार उघडलं. आत सगळं ओलं, राखाडी, टपटपणारं. मग तिनं आजीनं पाठवलेली तांदळाची पिशवी उचलायला मान वळवली, आणि तेवढ्यात तिची पाच वर्षांची मुलगी, आजीच्या हाताखाली वाढलेली, उंबऱ्याशी दोन्ही पाय जुळवून उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ताओ पो!"

घराची टपटप थांबली.

एकदम नाही. आधी वरची, मग जिन्याची, मग स्वयंपाकघरातली. एकेक करून, जणू कुणी बोट ओठांवर ठेवत खोल्यांमधून फिरत होतं. अमिहाननं लेकीचा हात घट्ट धरला. पळ, असं तिचं अंग तिला सांगत होतं. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी अजून उभी होती. पळाली असती तर दोघी गाडीत बसल्या असत्या आणि मग पुढे कुठंच गेल्या नसत्या.

जिन्याच्या वळणाखालची पायरी ओली होती. ती कोरडी झाली. मग तिच्या खालची. पाणी पुसल्यासारखं नाही, पाणी मागे सरल्यासारखं, कुणी मोठं माणूस आलं की बसलेले लोक सरकतात तसं. एक पाऊल, मग वेळ, मग दुसरं पाऊल. फार म्हातारं किंवा फार मोठं काहीतरी, घाई न करणारं. शेवटच्या पायरीवरून ते फरशीवर उतरलं आणि थांबलं.

"आई," लिगाया कुजबुजली, "ते आले."

"तुला दिसतंय?"

"नाही. पण आले ना."

समोरच्या भिंतीवर आरसा होता. ओलीच्या दिवसांत तो भिंतीएवढाच आंधळा असायचा, पांढरा, वाफेनं भरलेला. अमिहाननं नजर उचलली तेव्हा त्याच्या मधोमध वाफ निवळत होती. तळापासून, हळूहळू, वर. निवळलेली जागा आरशाच्या वरच्या कडेपर्यंत गेली तरी संपली नाही. तिच्याही वर भिंतीवरचे थेंब विरत गेले, छतापर्यंत, आणि तिथं, छताला लागून, ती जागा वाकली. एवढं उंच काहीतरी, या बुटक्या खोलीत मावावं म्हणून, मान झुकवून उभं होतं.

किंवा त्यांच्यासमोर झुकवून. हे तिला कधीच ठरवता आलं नाही.

आरशाच्या निवळलेल्या भागात समोरचं उघडं दार दिसायला हवं होतं, आणि दारात त्या दोघी. अमिहाननं क्षणभर पाहिलं. तिनं पाहिलं ते दार नव्हतं. खोल, खूप खोल, सूर्य उगवण्याआधी माउबानच्या किनाऱ्यावरून समुद्र दिसतो तसं काहीतरी पसरलेलं होतं, आणि त्याला अंत नव्हता. तिनं नजर खाली वळवली. एवढं बघायची तिची लायकी नव्हती, असं तिला वाटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच या वाटण्याचा तिला राग आला नाही.

माघारी फिरायचं का? अजून 'या' आलेलं नव्हतं. ती थांबली. इतक्या दारांत थांबली होती, याही दारात थांबली. लिगायानं तर पाय हलवलेच नव्हते. तिला रीत माहीत होती.

मग कोरडी पावलं हलली. पुढे नाही, बाजूला. भिंतीला लागून, अंग चोरून, ती उभी राहिली. अरुंद घरात पाहुण्याला वाट द्यायची तर घरचा माणूस जसा उभा राहतो. आणि उंबऱ्यापासून आतपर्यंत, दोघी शेजारी शेजारी चालतील एवढ्या रुंदीची फरशी, सावकाश, कोरडी होत गेली.

"आई, 'या' म्हणाले," लिगाया म्हणाली आणि चपला काढू लागली.

अमिहाननंही काढल्या. मागे धुक्यात क्रिसांतोचा आवाज आला, "अगं, राणीसरकार, पेट्या कोण उचलणार?" आणि मावशीचा, दबका, "गप्प बस रे मेल्या, टोपी काढ."

दोघी आत गेल्या, मान खाली घालून, भिंतीकडे न बघता. पायांखाली फरशी उबदार होती. जिन्यापाशी पोचल्यावर अमिहानला आठवलं की दार उघडं राहिलंय आणि बाहेरची सगळी ओल घरात शिरेल. पण तिच्या एका हातात लेकीचा हात होता, दुसऱ्यात तांदळाची पिशवी.

मागे दार लागलं, हळूच, आवाज न करता, घरच्या माणसानं लावावं तसं.